पुढे एक मॉडेल, मागे दुसरं

पोर्शे ९११चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवलेलं असतं. गाडीचं साठेक टक्के वजन मागे, आणि बहुतेक ९११मध्ये गाडी ढकलायचं कामही मागच्याच चाकांकडे. साहजिकच मागचे टायर आधी झिजतात. पुढच्यांची नक्षी अजून निम्मी शिल्लक असते, आणि दुकानदार म्हणतो, हे मॉडेल आता येत नाही, दुसरं देऊ का? माप तेच आहे!

माप हा शब्द इथे फसवा आहे. २०१८च्या अखेरीस आलेल्या ९११ कॅरेरा एसला पुढे २४५/३५ झेडआर २० आणि मागे ३०५/३० झेडआर २१ असे टायर येतात. यातला पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी. मागचा टायर पुढच्यापेक्षा ६ सेंटिमीटर रुंद. म्हणजे पुढे-मागे फरक कंपनीनेच ठेवलाय, पण मोजूनमापून.

टायर वळणावर जिकडे तोंड करून असतो, नेमका तिकडे जात नाही. रस्त्याला टेकलेला, जेमतेम तळहाताएवढा रबराचा भाग आडवा ताणला जातो आणि चाक किंचित बाहेर सरकत पुढे जातं. तोंडाची दिशा आणि खरी वाट यांतला कोन म्हणजे स्लिप अँगल. कोन वाढतो तसं गाडीला वळवणारं आडवं बळ वाढतं, पण काही अंशांपुरतंच. पुढे टायर घसरू लागतो. एका अंशाला किती बळ मिळणार, हे रबराचं मिश्रण, बाजूच्या भिंतीचा ताठपणा, नक्षीचे ठोकळे आणि हवेचा दाब ठरवतात. यातलं काहीच त्या मापात लिहिलेलं नसतं.

पुढच्या टायरची पकड आधी सुटली तर गाडी वळायला कुरकुरते, रुंद जाते. वेग उतरला की बहुधा सावरते. मागच्यांची आधी सुटली तर शेपूट बाहेर येतं आणि गाडी स्वतःभोवती फिरते. बाणाला पिसं मागे लावतात ती याचसाठी. बाण तिरका झाला की हवा पिसांना बाजूने ढकलते आणि शेपूट पुन्हा रांगेत येतं. गाडीची पिसं म्हणजे मागचे टायर.

अमेरिकेतली शेव्हरोले कॉर्व्हेअर हीसुद्धा मागे इंजिन असलेली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीच्या या गाड्यांना थंड टायरमध्ये पुढे १५ आणि मागे २६ पीएसआय हवा भरायला सांगितलेलं होतं. पुढचे टायर मुद्दाम ढिले ठेवायचे, म्हणजे आधी तेच सरकतील. सवयीने चारही चाकांत सारखी हवा भरली, की केलेली सगळी योजना पाण्यात. टायरचं मॉडेल न बदलताही!

मग मागे कायम जास्त पकडीचे टायर घातले की झालं? इथेच खरी गोम आहे. जास्त पकड कोणाची, हे त्या दिवसावर अवलंबून. रेसट्रॅकसाठीच्या धाटणीचा टायर तापला की कोरड्या रस्त्याला चिकटतो, पण गार असताना त्याचं रबर ताठ असतं आणि उथळ खाचांतून पाणी पुरेसं निघत नाही. उन्हात मागची बाजू भक्कम वाटलेली जोडी थंडीतल्या पावसात उलटी वागते. दुकानाबाहेर मारलेल्या एका चकरीत हे कळणं अशक्य. तशात नवा टायर! त्याचे सात-आठ मिलिमीटर उंच ठोकळे झिजलेल्या टायरपेक्षा जास्त डुलतात, त्यामुळे मॉडेल एकच असलं तरी सुरुवातीला गाडी मागून जरा मऊ वाटते.

पोर्शेने मंजूर केलेल्या टायरच्या भिंतीवर एन०, एन१ अशी खूण असते. चारही टायर एकाच बनावटीचे आणि एकाच एन-खुणेचे हवेत, असं कंपनी सांगते. मला हे विक्रीचं तंत्र वाटायचं. स्लिप अँगल समजल्यावर ते मत बदललं.

तरी दोनच टायर बदलायचा मोह होत असेल तर पुढच्या टायरवरचे, तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे आधी वाचावेत. २३१७ म्हणजे २०१७चा तेविसावा आठवडा. इतकं जुनं रबर ताठरलेलं असतं, उरलेल्या नक्षीचा हिशोब मग करायलाच नको.