फ्लरी-दव्हाँ-दुओमाँ

ईशान्य फ्रान्सच्या म्यूज विभागातील गाव. येथे एकही माणूस राहत नाही, तरी गावाला मेअर आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी वस्ती चारशेच्या थोडी वर होती.

दुओमाँ आणि सूव्हील या दोन किल्ल्यांच्या मधल्या टेकाडावर गाव वसले होते, आणि तीच जागा त्याच्या मुळावर आली. २१ फेब्रुवारी १९१६ रोजी जवळच्या व्हर्दन या तटबंदीच्या शहरावर जर्मन तोफांचा भडिमार सुरू झाला आणि गावकऱ्यांना घरेदारे सोडावी लागली. चारच दिवसांत दुओमाँ पडला. तेथून सूव्हीलकडे, म्हणजे पर्यायाने व्हर्दनकडे, जायचे तर वाटेत फ्लरी. २२ जूनच्या रात्री डायफॉस्जिन या विषारी वायूचे गोळे डागून दुसऱ्या दिवशी जर्मन गावात घुसले. ऑगस्टपर्यंत गाव सोळा वेळा या हातातून त्या हातात गेले, असे मानतात. अर्थात गाव नावापुरतेच. विटांचा चुरा कोणता आणि चिखल कोणता, हेही ओळखू येईना. १८ ऑगस्टच्या सुमारास मोरोक्कोच्या वसाहती पायदळाने ते कायमचे परत घेतले.

युद्ध संपले तेव्हा जमिनीत न फुटलेले गोळे, विषारी द्रव्ये आणि प्रेते होती. सरकारने हा टापू ‘लाल पट्ट्या’त, म्हणजे वस्तीला मनाई असलेल्या भागात, टाकला आणि वर जंगल लावले. व्हर्दनभोवतीच्या नऊ उद्ध्वस्त गावांपैकी सहा पुन्हा वसलीच नाहीत, फ्लरी त्यांतलेच. ‘फ्रान्ससाठी मृत’ हा सैनिकांना मिळणारा मान या गावांनाही मिळाला आणि कागदोपत्री ती जिवंत राहिली. मतदारच नसल्याने प्रीफेक्ट, म्हणजे विभागातला सरकारचा प्रतिनिधी, तिघांची समिती नेमतो; तिचा प्रमुख तोच मेअर. आपल्या महसुली दप्तरात वस्ती उठलेल्या गावापुढे ‘बेचिराख’ असा शेरा असे. मूळ फारसी शब्द ‘बेचिराग’, म्हणजे दिवा न लागणारे. फ्लरीला तो तंतोतंत लागू पडतो, कारभारी तेवढा जास्तीचा.

आज झाडीतून पायवाटा जातात. तोफगोळ्यांचे खड्डे गवताने भरले आहेत, पण जमीन अजून ओबडधोबडच. बेकरी, शाळा, शेतघर जेथे होते तेथे तशा पाट्या लावल्या आहेत. चर्चच्या जागी छोटे चॅपेल आहे. जुन्या रेल्वे स्टेशनाच्या जागी १९६७ पासून व्हर्दनचे स्मारक-संग्रहालय उभे आहे. २०१३ मध्ये एका शेतघराच्या अवशेषांत २६ फ्रेंच सैनिकांचे सांगाडे सापडले. ओळखपट्ट्या मिळाल्या म्हणून त्यांतल्या काहींची नावे कळली.