एक्विनू (विषुववृत्तीय हिंदी महासागर आंदोलन)

विषुववृत्तालगतच्या हिंदी महासागरावर पश्चिमेकडचे आणि पूर्वेकडचे ढग आलटून पालटून दाट-विरळ होतात, त्या झोक्याला दिलेले नाव. ‘इक्वेटोरियल इंडियन ओशन ऑसिलेशन’ या इंग्रजी शब्दसमूहाची आद्याक्षरे जुळवून ही संज्ञा तयार झाली. तिचा वापर २००३–०४ च्या सुमारास सुरू झालेला दिसतो. भारतातील मोसमी पावसाच्या वार्षिक चढउतारांचे स्पष्टीकरण देताना एल निनोच्या (मध्य व पूर्व प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याच्या घटनेच्या) जोडीला हा दुसरा घटक धरावा, असे मत हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ, पी. एन. विनयचंद्रन, पी. ए. फ्रान्सिस आणि सिद्धार्थ गाडगीळ यांनी मांडले.

पश्चिम विभाग साधारणपणे ५०° ते ७०° पूर्व रेखांश आणि १०° दक्षिण ते १०° उत्तर अक्षांश यांदरम्यानचा, म्हणजे आफ्रिकेच्या बाजूचा. पूर्व विभाग ९०° ते ११०° पूर्व रेखांश आणि १०° दक्षिण ते विषुववृत्त यांमधला, सुमात्राच्या बाजूचा. पश्चिमेला मेघनिर्मिती वाढून पूर्वेला ती दबली, की ती अवस्था भारतीय पावसाला अनुकूल. याच्या उलट झाले की प्रतिकूल. ढगांबरोबर वारेही बदलतात. अनुकूल अवस्थेत मध्य विषुववृत्तीय हिंदी महासागरावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहण्याचा कल वाढतो. ६०° ते ९०° पूर्व रेखांश आणि २.५° दक्षिण ते २.५° उत्तर अक्षांश एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यातील पूर्व-पश्चिम वाऱ्याची सरासरीपासूनची तफावत घेऊन, तिचे चिन्ह उलटे करून ‘एक्विन’ हा निर्देशांक काढतात. त्यामुळे धन एक्विन म्हणजे अनुकूल.

पार्श्वभूमी : या कल्पनेची मुळे सुलोचना गाडगीळ यांच्या आधीच्या कामात आहेत. सुलोचना गाडगीळ (७ जून १९४४ – २४ जुलै २०२५) यांचा जन्म पुण्याचा. तारीख मृग लागण्याची. फर्ग्युसन महाविद्यालयातून आणि पुणे विद्यापीठातून शिक्षण घेऊन त्या हार्वर्डला गेल्या व उपयोजित गणितात १९७० मध्ये डॉक्टरेट मिळवली. तेथे त्या समुद्री प्रवाहांच्या नागमोडी वळणांवर, तळाच्या उंचसखलपणाचा त्यांवर काय परिणाम होतो यावर काम करीत होत्या. म्हणजे त्या पावसाच्या अभ्यासाकडे आल्या त्या समुद्राच्या वाटेने. १९७१ मध्ये भारतात परतल्यावर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत काही काळ काढून १९७३ पासून त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राहिल्या. तेथील वायुमंडलीय व महासागरी विज्ञान केंद्राच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा आहे.

त्यांनी हवामानशास्त्रज्ञ डी. आर. सिक्का यांच्याबरोबर १९८० मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध पायाभूत मानला जातो. १९७३ ते १९७७ या पाच वर्षांतील एप्रिल ते ऑक्टोबरची रोजची उपग्रहचित्रे त्यांनी घेतली आणि भारताच्या रेखांशांवर सर्वांत दाट मेघपट्टा कोणत्या अक्षांशावर आहे, हे दिवसागणिक टिपले. नोंदी मांडल्यावर एक मेघपट्टा उत्तर भारतावर आणि दुसरा विषुववृत्ताजवळ महासागरावर, असे चित्र उमटले. पाऊस ओढ देतो तेव्हा उत्तरेकडचा पट्टा विरतो आणि समुद्रावरचा पट्टा सरकत सरकत उत्तरेला येऊन त्याची जागा घेतो. हे काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हापुन्हा घडते. जमीन व समुद्र यांच्या तापण्यातील फरकामुळे मोसमी वारे वाहतात ही हॅलीपासून (१६८६) चालत आलेली समजूत एकटी पुरेशी नाही. मोसमी पाऊस म्हणजे विषुववृत्ताजवळच्या मेघपट्ट्याचे हंगामी स्थलांतर, हे मत या कामामुळे बळावले. प्रस्तुत नोंदीतही तेच ग्राह्य धरले आहे. समुद्रावरचे ढग एकाच वेळी भूमीवरच्या पावसाचे प्रतिस्पर्धी आणि पुरवठादार असतात, ही गोष्ट पुढे एक्विनूच्या विचारात महत्त्वाची ठरली.

दुसरा धागा १९८४ चा. पी. व्ही. जोसेफ व एन. व्ही. जोशी यांच्यासह गाडगीळ यांनी दाखविले, की समुद्रपृष्ठाचे तापमान सुमारे २८° से. ओलांडते तेव्हा वर दाट ढग जमण्याची शक्यता एकदम वाढते. पण उंबरठा ओलांडल्यावर पाणी आणखी किती तापले आहे यावर ढगांचे प्रमाण ठरत नाही. पाणी ऊबदार असणे ही अट आहे, हमी नव्हे.

द्विध्रुवाशी संबंध व वाद : १९९९ मध्ये नेचर या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध आले, एक साजी, गोस्वामी, विनयचंद्रन व यामागाता यांचा, दुसरा वेबस्टर व सहकाऱ्यांचा. त्यांतून हिंदी महासागर द्विध्रुवाची कल्पना पुढे आली : सुमात्रा-जावाच्या किनाऱ्याजवळ खालचे थंड पाणी वर येते, पश्चिमेकडचे पाणी तापते आणि वारे या फरकाला आणखी खतपाणी घालतात. या अवस्थेला धन द्विध्रुव म्हणतात. हा द्विध्रुव स्वतंत्र आहे की एल निनोचीच हिंदी महासागरातील सावली, यावर लगेच वाद सुरू झाला. १९९७ साली एल निनो व धन द्विध्रुव दोन्ही तीव्र होते, त्यामुळे ‘सावली’चा पक्ष बलवान वाटतो. मात्र १९६१ मध्ये एल निनो नसतानाही द्विध्रुव धन होता. तो काही वेळा स्वतंत्रपणे उद्भवतो, हे मत आज अधिक मान्य दिसते.

एक्विनूविषयीचा प्रश्न याहून बारीक आहे. प्रशांत महासागरात एल निनो ही पाण्याची बाजू आणि दक्षिणी आंदोलन (हवेच्या दाबाचा पूर्व-पश्चिम झोका) ही हवेची. तसाच एक्विनू हा द्विध्रुवाचा वातावरणीय पैलू, असे काही अभ्यासक मानतात आणि वेगळ्या नावाची गरज त्यांना वाटत नाही. द्विध्रुव तीव्र असतो त्या वर्षी हे पटते. इतर वर्षी दोन्हींची सांगड सैल पडते. २००२ मध्ये द्विध्रुवात विशेष काही नव्हते, तरी जुलैत एक्विन कमालीचा प्रतिकूल होता. पूर्वेचे पाणी सहसा २८° से.च्या वरच असते. तेव्हा तापमानातील थोड्या फरकाने ढग ठरणार नाहीत, हे १९८४ च्या निष्कर्षातून ओघानेच येते. मोसमी पावसाचा संबंध थेट ढगांशी असेल, तर ढग-वाऱ्यांचा निर्देशांक स्वतंत्र ठेवणे सयुक्तिक वाटते.

पावसाशी संबंध : १९९७ च्या प्रबळ एल निनोमुळे दुष्काळाची धास्ती होती, पाऊस सरासरीइतका पडला. २००२ चा एल निनो त्या मानाने किरकोळ, तरी जुलैत देशभरात सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला, पेरलेले जळाले आणि हंगाम १९ टक्के तुटीने संपला. एकट्या एल निनोने या दोन वर्षांची संगती लागत नाही. गाडगीळ व सहकाऱ्यांनी आलेखाच्या एका अक्षावर एल निनोचा आणि दुसऱ्यावर एक्विनूचा निर्देशांक घेऊन १९५८ पासूनचे प्रत्येक वर्ष एकेका ठिपक्याने मांडले. एक तिरकी रेघ ओढली, की दुष्काळाची सारी वर्षे तिच्या एका बाजूला आणि भरपूर पावसाची सारी दुसऱ्या बाजूला पडतात. मधल्या, साधारण पावसाच्या वर्षांना अशी शिस्त नाही. २०१९ मध्ये जून कोरडा गेल्यावर हंगाम सरासरीच्या ११० टक्क्यांवर गेला, द्विध्रुवही अतिशय धन होता. कोल्हापूर-सांगलीचा महापूर त्याच वर्षीचा. परंतु एका खोऱ्यातील काही दिवसांच्या अतिवृष्टीचे कारण अशा निर्देशांकात शोधणे योग्य नाही.

एक आक्षेप दखलपात्र आहे. एक्विन आणि पाऊस एकाच हंगामातले असल्याने कारण कोणते व परिणाम कोणता, हे केवळ त्यांच्या मेळावरून ठरत नाही. जोरदार मोसमी पाऊस स्वतःही विषुववृत्तावरील वारे बदलू शकतो.

उपयोग : गाडगीळ यांनी कर्नाटकातील पावगड भागात कोरडवाहू भुईमूग घेणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर काम केले, पेरणी कधी करावी, यासारखे त्यांचे प्रश्न आधी समजून घेऊन मग पावसाच्या नोंदी तपासण्याची ती पद्धत होती. तीव्र दुष्काळाने राष्ट्रीय उत्पन्न २ ते ५ टक्क्यांनी घटते आणि शेतीचा वाटा कमी होऊनही हा फटका ओसरलेला नाही, असे सुलोचना व सिद्धार्थ गाडगीळ या मायलेकांनी २००६ मध्ये दाखविले. दीर्घ पल्ल्याच्या अंदाजांत आता द्विध्रुवाचा उल्लेख नेमाने असतो. एक्विनूचा वापर अवघड आहे. अनेक संगणकीय प्रारूपांत एल निनो व मोसमी पाऊस यांचे नाते बऱ्यापैकी उतरते, एक्विनूचे उतरत नाही. आणि जुलैत विषुववृत्तावर वारे कसे असतील, हे पेरणीची तयारी चालते त्या मे महिन्यात भरवशाने सांगता येत नाही.