पैलवानाचा चेंडू हिंडलग्यात का पडत नाही?

गोल्फ म्हणजे कॅम्पातल्या साहेबलोकांचा खेळ, त्याला ताकद कशाला, असं म्हणणारे बेळगावात पुष्कळ. आणि शहापुरातल्या तालमीत गोल्फचा विषय निघालाच तर, 'आमचा एक गडी उभा करा, चेंडू थेट शहराबाहेर हिंडलग्यात पडतोय बघा!' दोघांचंही चुकतं. 2020 ची यू. एस. ओपन ही गोल्फ स्पर्धा जिंकण्याआधी गोल्फर ब्रायसन डिशॅम्बोनं चांगलं वजन आणि स्नायू कमावले होते, त्यामुळे पहिल्यांचा मुद्दा तिथेच संपतो. गंमत दुसऱ्यांच्या मुद्द्यात आहे.

वर नेलेला क्लब, म्हणजे गोल्फची काठी, खाली येऊन चेंडूला लागेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. स्नायूला पूर्ण जोर उभा करायला मात्र 0.3 सेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. मेंदूचा हुकूम चेतातंतूंतून येतो, स्नायूपेशीत कॅल्शियम सुटतं, मायोसिन या प्रथिनाचे आकडे ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाला धरून ओढू लागतात, स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा ताणली जाते, तेव्हा कुठे हाडाला खरी ओढ बसते. तोवर चेंडू गेलेला असतो! म्हणजे एकूण जोर किती, यापेक्षा पहिल्या पाव सेकंदात तो किती चढतो, हे महत्त्वाचं. त्यात आणखी एक अडचण. स्नायू जितक्या वेगानं आखडतो, तितका त्याचा जोर घटतो, शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी 1938 मध्ये बेडकाच्या स्नायूवर हे मोजलं. शक्ती म्हणजे जोर गुणिले वेग. त्यामुळे सर्वाधिक शक्ती कमाल जोराला मिळत नाही आणि कमाल वेगालाही नाही, दोन्ही साधारण एक तृतीयांशावर असताना मिळते.

म्हणून गोल्फरानं जड बैठका, डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं) करावेतच, कमाल जोर त्यानंच वाढतो. पण जोडीला उड्या हव्यात, आणि मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा वजनदार चेंडू, कमरेतून वळून भिंतीवर आदळणं हवं. मुद्गलही चालेल, हलका घ्यावा. तो पाठीमागून झपकन पुढे आणताना बघा: आधी कंबर वळते, मग छाती, हात शेवटी. गोल्फमध्येही हाच क्रम.

तांब्याचं कडं घालून चेंडू वीस यार्ड पुढे जातो म्हणणाऱ्यांनी ते कडं वरच्यापैकी नेमकं कुठलं काम करतं, तेवढं सांगावं.

मेडिसिन बॉलचं वजन हलकं आहे म्हणून पन्नास फेका मारायच्या नाहीत. चार-पाच झाल्या, वेग पडला, की दोन-तीन मिनिटं बसायचं. तालमीत असं बसलेलं वस्तादांना चालत नाही, हे मान्य.