डिस्पोजलचा संच आणि कोकणची हवा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांत माळ्यावरून खाली उतरवलेल्या जुन्या संचांत एक फरक हमखास दिसतो. दिवाणखान्यातला लाकडी पेटीचा वाल्व्ह रेडिओ आतून कुजलेला असतो आणि त्याच काळातला काळा, जड लष्करी रिसीव्हर मात्र थोड्या मेहनतीत बोलू लागतो. या फरकाची मुळे युद्धकाळात आहेत.

1939 मध्ये महायुद्ध सुरू होताच इथल्या हॅम मंडळींचे, म्हणजे परवाना घेऊन स्वतःच्या प्रक्षेपकावरून बोलणाऱ्या हौशी रेडिओवाल्यांचे, परवाने रद्द झाले आणि यंत्रे जमा करण्याचे हुकूम निघाले. तरीही या मंडळींचा हात थांबला नाही. 1942 च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या प्रक्षेपकामागे मुंबईचे हॅम नरिमन प्रिंटर यांचे तंत्रज्ञान होते. नोव्हेंबर 1942 मध्ये उषा मेहता आणि सहकाऱ्यांना अटक होऊन ते केंद्र बंद पडले.

त्याच सुमारास ब्रह्मदेश आणि न्यू गिनीच्या जंगलांत दोस्त सैन्याचे संच ओलीने आणि बुरशीने धडाधड बंद पडत होते. त्यावर उपाय म्हणून अमेरिकी संचांच्या आतल्या जोडण्यांवर ओल आणि बुरशी रोखणाऱ्या वॉर्निशचा फवारा मारू लागले. चॅसीवर (भाग बसवलेल्या धातूच्या सांगाड्यावर) एमएफपी अशी अक्षरे आणि तारखेचा शिक्का असेल, आतले भाग पिवळसर चकाकत असतील, तर तो हाच लेप. कंडेन्सरही पुष्कळदा तेल भरलेल्या, झाळून बंद केलेल्या धातूच्या डब्यांतले असत. घरगुती रेडिओत मेणात बुडवलेली पुठ्ठ्याची नळी असे, आणि कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसापुढे मेणाचा निभाव लागत नाही.

युद्ध संपल्यावर हा लष्करी माल डिस्पोजलमध्ये, म्हणजे जादा मालाच्या विक्रीत, निघाला. मुंबईत चोरबाजार आणि लॅमिंग्टन रोड ही तो मिळण्याची ठिकाणे. 1948 मध्ये महू येथे अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया सुरू झाला. हौशी मंडळींची पुढची कित्येक वर्षे या डिस्पोजलवर आणि 807 या शक्तिशाली वाल्व्हच्या घरगुती प्रक्षेपकांवर गेली. विमानांतल्या कमांड सेट या लष्करी संचांच्या प्रक्षेपकांतला 1625 हा 807 चाच 12.6 व्होल्ट हीटरचा भाऊ. अमेरिकी विमानांतल्या बीसी-348 रिसीव्हरच्या नंतरच्या आवृत्त्यांत 200 ते 500 किलोहर्ट्झचा पट्टाही होता. किनाऱ्यावर त्याला खरा अर्थ होता, कारण 500 किलोहर्ट्झ ही जहाजांची मोर्समधली हाक देण्याची आणि संकटाची फ्रिक्वेन्सी होती. 1999 मध्ये नवी सागरी संकट-यंत्रणा पूर्ण लागू झाली आणि ती प्रथा संपली.

दुरुस्तीचा क्रम या इतिहासावरून ठरतो. दोन्ही संचांना आधी सुकवावे. बंद पेटीत 40 वॅटचा तारेचा बल्ब लावून आठवडाभर ठेवले तरी चालते, पण आतले तापमान 50 अंशांच्या वर जाऊ देऊ नये, मेण वितळते. तोवर प्लग लावण्याचा मोह आवरलाच पाहिजे. लष्करी संचाचे वॉर्निश मात्र खरवडू किंवा जाळू नका. काही लेपांत पारायुक्त बुरशीनाशक आहे. झाळणी लावण्यापूर्वी तेवढा सांधा स्पिरिटने पुसून घ्यावा, खोली हवेशीर असावी.

घरगुती संचात पहिला संशय ऑडिओ वाल्व्हच्या प्लेटपासून आउटपुट वाल्व्हच्या ग्रिडकडे जाणाऱ्या कपलिंग कंडेन्सरवर घ्यावा; तो आवाजाचा संकेत पुढे सोडतो आणि प्लेटचा डीसी दाब अडवतो. प्लेटवर 150 व्होल्ट, ग्रिडचा रेझिस्टर 470 किलोओहम आणि ओलावलेल्या कंडेन्सरची गळती 10 मेगाओहम धरा. ग्रिडवर जवळजवळ 6.7 व्होल्ट धन दाब येतो. 6व्ही6 या आउटपुट वाल्व्हला 250 व्होल्टवर ग्रिडला साडेबारा व्होल्ट ऋण दाब, म्हणजे बायस, लागतो. तो निम्म्याहून कमी उरतो, वाल्व्ह लाल होतो आणि पाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. मल्टिमीटरच्या साध्या ओहम तपासणीत ही गळती कित्येकदा दिसतच नाही, म्हणून हा कंडेन्सर न तपासता बदलावा: 0.01 मायक्रोफॅरड, 630 व्होल्ट, पॉलिएस्टर. फिल्टरचे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरही नवे घालावेत, पण एसीचे डीसी करणारा 5वाय3 रेक्टिफायर वाल्व्ह असेल तर पहिला 20 मायक्रोफॅरडपेक्षा मोठा नको. मोठ्या कंडेन्सरचा सुरुवातीचा धक्का त्याला सोसत नाही.

दुसरा रोग फसवा आहे. आयएफ (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या) ट्रान्सफॉर्मरमधल्या अभ्रकाच्या कंडेन्सरवर एचटीचा, म्हणजे वाल्व्हच्या प्लेटसाठीचा उच्च, दाब आणि ओल एकत्र आली की अभ्रकावरची चांदी सरकते आणि कडकड आवाज येतो. मे महिन्यात तो वळवाच्या विजांचा वाटतो. एरियल काढून इनपुट अर्थला जोडावा. कडकड तरीही राहिली तर दोष संचाच्या आत आहे. याच विद्युत-रासायनिक क्रियेने आउटपुट ट्रान्सफॉर्मरची बारीक तार हिरवी पडून तुटते. तिथे गुंडाळी नव्याने करून घेण्यावाचून इलाज नसतो.

बीसी-348 मधला डायनामोटर, म्हणजे मोटर आणि जनित्र एकत्र असलेले यंत्र, 28 व्होल्टवर चालून 220 व्होल्ट, 70 मिलिअँपिअर देत असे. पूर्वी लोक हीटरची सगळी वायरिंग कापून 6.3 व्होल्टची करत. आम्हाला ते पटत नाही. हीटरची साखळी तशीच ठेवून तिला 24 व्होल्ट एसी द्यावा आणि डायनामोटरच्या जागी 220 व्होल्टचा फिल्टर केलेला एचटी पुरवठा बसवावा. म्हणजे संच केव्हाही मूळ रूपात परत आणता येतो. पहिल्यांदा वीज देताना मुख्य लाइनवर 60 वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये घ्यावा. एलईडीचा चालत नाही. तो क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, लख्ख पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे.

प्रसारणासाठी परवाना हवाच. 807 च्या प्लेटवरचे 500-600 व्होल्ट जीव घेतात: फिल्टरवर कंडेन्सर रिकामे करणारा ब्लीडर रेझिस्टर कायम असावा आणि झाकण काढल्यावर इन्सुलेटेड दांड्याने कंडेन्सर अर्थला टेकवावेत. 7.1 मेगाहर्ट्झच्या डायपोलची (दोन भुजांच्या तारेच्या एरियलची) एकूण लांबी सुमारे 20 मीटर. माडांना बांधायचा तर एक टोक कप्पीवरून नेऊन वजनाला बांधावे, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात तार तुटते. तार प्लास्टिकच्या वेष्टणाची घ्यावी, उघडे तांबे खाऱ्या हवेत काळे पडते. कोरड्या जांभ्या कातळात अर्थ नीट लागत नाही. सळई विहिरीजवळच्या ओल्या मातीत ठोकावी आणि विजा सुरू होण्याआधीच एरियल संचापासून सोडवून बाहेरच अर्थला जोडावा.