राउटर टेबल (घरगुती)

राउटर टेबल : लाकडात झिरी, खाच, गलता (कडेची नक्षी) किंवा गोलाई काढणारे राउटर यंत्र फळीखाली उलटे टांगून आणि त्याचा बिट (फिरते कापणारे पाते) फळीतल्या भोकातून वर काढून केलेले सुतारकामाचे टेबल. हातातला राउटर लाकडावरून फिरतो. इथे यंत्र जागेवर राहते आणि लाकूड सरकते. टेबलाची सगळी रचना आणि त्याचे सगळे धोके या एका फरकातून निघतात. बोटभर रुंदीच्या बीडिंग पट्टीवर हातातले यंत्र टेकवायलाच जागा नसते. अशा कामासाठी टेबल हवेच.

नाशिकच्या जुन्या वाड्यांतील चौकटी आणि तुळयांवरचे गलते हातरंध्यांनी काढलेले आहेत. प्रत्येक नक्षीला वेगळा रंधा लागे. आता एकाच यंत्रात बिट बदलला की नक्षी बदलते, त्यामुळे रो-हाऊसच्या पार्किंगमध्ये किंवा गच्चीवरच्या खोलीतही हे काम करता येते.

टेबलाची फळी सपाट असणे ही पहिली अट. मध्ये खोलगट झालेल्या फळीवर झिरीची खोली टोकाला एक आणि मध्ये दुसरी येते. १८ मिमीचे दोन प्लाय चिकटवून ३६ मिमी जाडी करावी आणि सनमायका दोन्ही बाजूंना लावावा. एकाच बाजूला लावला तर उघडी बाजू पावसाळ्यात दमट हवा ओढते, उन्हाळ्यात सुकते आणि फळी वाकते. नाशिकच्या हवेत हा फरक चांगलाच जाणवतो. प्लाय आयएस ७१० मानकाचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय, घेतलेला बरा. साधारण ६०० × ८०० मिमीची फळी घरी पुरते.

राउटर थेट जाड फळीला लावला तर बिट पुरेसा वर येत नाही, म्हणून मध्ये ६ ते १० मिमी जाडीची ॲल्युमिनियमची प्लेट बसवतात. नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लहान वर्कशॉपमधून ती कापून, भोके पाडून आणता येते. प्लेट आणि फळी एका पातळीत आहेत का, हे डोळ्यांपेक्षा बोटाला नीट कळते. पट्टी सरकवताना कुठेही अडता कामा नये.

फेन्स, म्हणजे लाकूड टेकवायची सरळ आड पट्टी, टेबलाच्या कडेला समांतर असावी असे अनेकांना वाटते. तशी गरज नाही. बिट गोल असल्याने पट्टीचे त्यापासूनचे अंतर तेवढे मोजायचे. म्हणून एक टोक बोल्टवर फिरते ठेवून दुसरे क्लॅम्पने आवळले तरी काम अचूक होते. बिट बरोबर मध्यावर असेल, तर ते टोक २ मिमी सरकवल्यावर बिटापाशी १ मिमीचाच फरक पडतो. बारीक जुळणीला ही युक्ती फार उपयोगी आहे. फेन्सच्या डाव्या अर्ध्या भागामागे १ मिमी सनमायकाचा तुकडा घालून तो अर्धा तेवढा पुढे आणला आणि बिट त्याच्या बरोबरीत ठेवला, तर फळीची कडही सरळ रंधून निघते.

लाकूड सरकवण्याची दिशा मात्र कधीच चुकू नये. उलट्या टांगलेल्या राउटरचा बिट वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. फेन्स पलीकडे असताना लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवले, म्हणजे ते दातांच्या विरुद्ध जाते आणि फेन्सला दाबून राहते. उलट दिशेने सरकवल्यास बिट लाकूड हिसकावून फेकतो आणि मागोमाग हात बिटाकडे ओढला जातो. लाकूड फेन्स आणि बिट यांच्या फटीत घालणेही तितकेच घातक. अरुंद पट्टीला ढकलकाठी वापरावी. एका फेरीत ३ मिमीच्या आसपासच काढावे. चौकोनी तुकड्याच्या चारही कडा काढायच्या असतील तर लाकडाच्या रेषा जिथे आडव्या कापल्या जातात ती टोके आधी घ्यावीत. तिथे उडालेली कपची नंतरच्या उभ्या फेरीत निघून जाते.

बिटाचा दांडा आणि यंत्राचे कॉलेट (दांडा आवळून धरणारी पकड) एकाच मापाचे हवे. ६ मिमीचा दांडा पाव इंची (६.३५ मिमी) कॉलेटमध्ये आवळल्यासारखा वाटला तरी सुटू शकतो. दांडा तळाला टेकवून २–३ मिमी वर घ्यावा, मगच आवळावा. बिट जितका मोठा तितका वेग कमी : २५ मिमीपर्यंतचे बिट मिनिटाला साधारण २४,००० फेऱ्यांवर चालतात, तर ७५ मिमीच्या पुढचे १०–१२ हजारांवर. २,००० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ९ ॲम्पिअर घेते, त्यामुळे ६ ॲम्पिअरच्या सॉकेटला ते जोडू नये. चालू-बंदचा स्विच टेबलाच्या पुढच्या बाजूला, गुडघ्यानेही बंद करता येईल असा असावा.

लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ च्या प्रबंधात निश्चित कर्करोगकारक गटात नोंदवली आहे. फेन्समागे व्हॅक्यूमची नळी आणि तोंडावर मास्क, दोन्ही हवेत. चष्मा आणि कानांचे संरक्षणही लागते. हातमोजे मात्र घालू नयेत, कारण ते बिटात अडकतात.

पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान घरकामाला मिळाले तर सोडू नये, पण ते थेट टेबलावरही घेऊ नये. आत तुटून राहिलेले खिळे वरून दिसत नाहीत आणि त्यांनी कार्बाइडचा दात उडतो. आधी चुंबक फिरवून पाहावे. खिळा निघत नसेल तर तेवढा तुकडा करवतीने कापून बाजूला टाकावा.