अहवालातली गादी, पलंगावरची गादी

ठाण्यात चरईतल्या आत्याकडे कपाटावर एक मोठं पाकीट असतं. कोणी आलं की ती त्यातली एमआरआयची फिल्म काढून खिडकीच्या उजेडात धरते. "ही बघ, एल-फोर, एल-फाइव्ह. इथली गादी सरकलीय." एल-फोर, एल-फाइव्ह म्हणजे कमरेचे मणके, आणि गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती. दोन वर्षं कंबर दुखतेय म्हटल्यावर माणसाला पुरावा हवाच.

पण हा पुरावा जरा कच्चा आहे. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर सगळ्या गाद्या ठीकठाक असलेले निघाले फक्त ३६ टक्के! पुढे २०१५ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजणी झाली. काहीही न दुखणाऱ्या पन्नाशीतल्या माणसांपैकी ८० टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या होत्या. केस पिकतात, तशा गाद्याही झिजतात.

मग दुखतं काय? तीन महिन्यांहून जुनं दुखणं बरेचदा मज्जासंस्थेच्या अतिसावधपणावर टिकून असतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादी गाडी असते ना, बॉनेटवर मांजर चढलं तरी बोंबलणारी, तसं. दुखणं खोटं नसतं, भोंगाच हळवा झालेला असतो. हा भोंगा शांत करता येतो का, हे अमेरिकेतल्या कोलोरॅडोत १५१ जणांवर तपासलं. निष्कर्ष २०२१ मध्ये आले. दुखण्याचा अर्थ नव्याने समजावून देणाऱ्या चार आठवड्यांच्या मानसोपचारानंतर ६६ टक्के लोकांचं दुखणं गेलं किंवा जवळपास गेलं. नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण १० टक्के होतं. मात्र आपल्याला कोणता उपचार मिळतोय हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे आकडा थोडा हात राखूनच घ्यावा.

आता दुसरी गादी. कंबर धरली की आपल्याकडे पहिला सल्ला येतो, "फळीवर झोप." आत्या चार महिने सतरंजीवर झोपली. स्पेनमध्ये जुन्या कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना ९० दिवस वेगवेगळ्या गाद्यांवर झोपवलं (२००३), तर कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. हे सांगितल्यावर आत्या माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिली, ती मी विसरणार नाही.

मला सगळ्यात आवडला तो २०२४ चा ऑस्ट्रेलियातला प्रयोग. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू चालणं वाढवायला लावलं. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, इथपर्यंत. दुखणं उलटायला त्यांना साधारण २०८ दिवस लागले, बाकीच्यांना ११२. खर्च बुटांचा.

पायात बधिरपणा, लघवीवर ताबा न राहणं, ताप, विनाकारण वजन घटणं यांपैकी काही असेल तर मात्र चालत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

आत्या हल्ली संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारते. अर्ध्यावर कट्ट्यावर टेकते, मग उरलेली. परवा पाहुणे आले तेव्हा फिल्म काढलीच.