सोडवलेल्या लेअर कोंबड्यांचे अंडविकार

साधारण 72 ते 80 आठवड्यांच्या वयात पिंजऱ्यातून काढलेल्या आणि कत्तलीऐवजी पाळायला घेतलेल्या लेअर, म्हणजे अंड्यांसाठी वाढवलेल्या, कोंबड्यांच्या प्रजननमार्गाचे विकार. रानकोंबडी वर्षाला 10-15 अंडी घालते, तर बीव्ही-300 सारखी संकरित लेअर 300 च्या आसपास. एका कवचात सुमारे 2 ग्रॅम, म्हणजे पक्ष्याच्या अंगातल्या कॅल्शियमचा जवळपास दहावा हिस्सा जातो. कवच मुख्यतः रात्री चढते. तेव्हा पोटात कॅल्शियम नसेल, तर ते हाडांतून ओढले जाते. म्हणून या कोंबड्यांची हाडे ठिसूळ असतात आणि छातीचे हाड बरेचदा मोडून वाकडे जुळलेले आढळते.

अंडी चालू असेपर्यंत 3.5 ते 4 टक्के कॅल्शियमचे लेअर खाद्यच द्यावे. नुसते तांदूळ-ज्वारी पुरत नाही. शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात, विशेषतः संध्याकाळी ठेवावा. बारीक भुकटी आतड्यातून लवकर निघून जाते. चोच कापलेली असल्यास उथळ ताटलीतले दाणे टिपता येत नाहीत, खोल भांडे लागते. उन्हाळ्यात धापा टाकून रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि पुरेसे खाद्य असूनही कवच पातळ येते. तिथे सावली आणि गार पाणी हाच उपाय.

अंडे अडकणे हा सर्वांत तातडीचा प्रकार. कोंबडी शेपूट खाली टाकून पेंग्विनसारखी उभी राहते, कुंथते, खात नाही, तुरा फिका पडतो. कॅल्शियम कमी पडले की अंडनलिकेचे स्नायू आकुंचन पावत नाहीत. मऊ कवचाच्या अंड्यावर त्यांची पकडही बसत नाही. तिला पोटापर्यंत बुडेल अशा 38-40 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 15-20 मिनिटे बसवावे, पूर्ण कोरडे करावे आणि उबदार, अंधाऱ्या खोक्यात ठेवावे. गुदद्वाराला वंगण लावता येते. पोट दाबू नये, अंडे आत फोडू नये: कवचाचे तुकडे नलिका चिरतात. काही तासांत अंडे न आल्यास पशुवैद्याकडे न्यावे. कॅल्शियमचे इंजेक्शन त्यानेच द्यायचे. ऑक्सिटोसिन (स्नायू आकुंचन पावायला लावणारे संप्रेरक) घरी टोचणे घातक, कारण वाट बंद असेल तर नलिका फाटते. बहुतेक दवाखान्यांत गाई-म्हशीच येतात. पक्ष्यांचा सराव असलेला पशुवैद्य आधीच शोधून ठेवावा.

अंग बाहेर आल्यास, म्हणजे अंडनलिकेचा शेवटचा भाग गुदद्वारातून बाहेर लोंबल्यास, कोंबडी तत्काळ वेगळी करावी, इतर कोंबड्या लाल मांस टोचून आतडी बाहेर काढतात. कोमट मिठाच्या पाण्याने धुऊन, सूज उतरण्यासाठी साखर लावून ते हळुवार आत सारता येते. पुन्हा अंडे घातले की ते अनेकदा पुन्हा बाहेर येते.

पिवळा बलक नलिकेत न जाता पोटात पडला की उदरपोकळीत दाह होतो; ई. कोलाय जिवाणूंनी तो चिघळतो. पोट फुगते, चाल बदकासारखी होते. प्रतिजैविकाने तात्पुरता उतार पडतो, पण अंडी चालू राहिली तर दुखणे उलटते.

तेव्हा खरे व्यवस्थापन म्हणजे अंडी थांबवणे. शेडमधला 16 तासांचा उजेड बंद होताच अनेक कोंबड्या पिसे झाडतात आणि काही आठवडे अंडी बंद करतात. हे आजारपण समजून घाबरू नये. ब्रिटनमध्ये हिवाळ्याचा दिवस 8 तासांवर येतो, तेव्हा विश्रांती आपोआप मिळते. महाराष्ट्रात सर्वांत लहान दिवसही सुमारे 11 तासांचा, त्यामुळे खुराडे झाकून उजेड 8-9 तासांवर आणावा लागतो. मात्र हवा खेळती हवी. काही देशांत पशुवैद्य डेस्लोरेलिन या संप्रेरकासारख्या औषधाची कांडी त्वचेखाली बसवतात. ती काही महिने अंडी रोखते, नंतर पुन्हा बसवावी लागते, आणि त्या काळात चुकून आलेले अंडे खायचे नसते.